अंबिलीचं दुसरं गाडगं

दसऱ्याचा दुसरा दिवस. गुलबर्गा, रेल्वेची चाळ. (साल १९२७. फसली १३३७ पण लिही म्हटलं मी गुरुबाईला, कुणी रागवायला नको.)

सिद्धरामा, तुझ्या डोक्यात गोष्ट टिकत नाही, हे मला तू पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. विहिरीवर चप्पल तीनदा विसरलास. स्वतःच्या लग्नाचं बाशिंग सासऱ्याच्या गाडीत विसरलास. आणि लढाईपायी समुद्रापार बसऱ्याला रूळ टाकायला गेल्यापासून तर कहर केलास. दहा वर्षं दर दिवाळीला तुझं पत्र येतं, पण तांबडी गाय कशी आहे हे एकदाही विचारलं नाहीस. तांबडी गेली. तिची नात आता दूध देते. उद्या तू परत येशील, "अव्वा, मागं काय काय झालं?" म्हणशील, आणि मी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विसरशील. म्हणून ही वही. विसरलास की पान उघडायचं, माझं डोकं खायचं नाही.

लिहिते तुझी बायको. मला अक्षर येत नाही. गुरुबाईला तिच्या बापानं मंठाळच्या मठात बसवून शिकवलं होतं, ते आता कामाला आलं. मी "न्हाई" म्हणते, ती "नाही" लिहिते. सासूला सुधारायची अशी संधी कुठल्या सुनेला मिळते?

आम्ही आपलं कोहिनूर गाव का सोडलं ते आधी सांगते. बंडेप्पाची बायको श्रावणात वारली. तुझा भाऊ टेसनावर रूळ बदलणारा सांधेवाला, दिवसरात्र पाळी, आणि घरात त्याची आठ वर्षांची नागू एकटी. मग मला आणि गुरुबाईला त्यानं बैलगाडीत घातलं आणि इथं आणलं. गंमत अशी की आपण मोगलाईतली माणसं, गुलबर्गाही मोगलाईतच, पण रेल्वेची जमीन इंग्रजाची. तारेचं कुंपण ओलांडलं की राज्य बदलतं. बाहेर निजामाचा पोलीस, आत रेल्वेचा. बाहेर फसली साल, आत इंग्रजी तारीख. म्हातारपणी मी परदेशात आले, आणि तेही बैलगाडीनं.

कोजागिरी झाली

इथं घंटा वाजते आणि माणसं धावतात. ऊन बघून कुणी काही करत नाही. नागू पण घंटेवर उठते. चाळीच्या टोकाला शाळा आहे, वीरभद्रप्पा मास्तर शिकवतात. पाटीच्या वर त्यांनी एक ओळ काढून द्यायची आणि खाली नागूनं ती दहादा गिरवायची. मास्तरांचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला तर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात, पण ओळीत चालतात खऱ्या.

बंडेप्पा वाळलाय. माझ्याशी बोलताना भिंतीकडं बघतो. बायको गेली म्हणून असेल.

दिवाळीचा पाडवा

तुझं पत्र आलं! बंडेप्पानं आणलं, पाकिटाशिवाय. पाकिटावरचं तिकीट टेसनाचा साहेब दरवेळी काढून घेतो, त्याला तिकिटं जमवायचा नाद आहे म्हणे. गावात सुनेनं चारचौघांत वाचायची रीत नव्हती, कुलकर्णी वाचून दाखवायचे आणि बंडेप्पा पत्र परत घेऊन जायचा. यंदा मी म्हटलं, घरात वाचणारी असताना कुलकर्णी कशाला? बंडेप्पा म्हणाला, "राहू दे अव्वा, मीच सांगतो त्यात काय हाय ते." मी त्याच्या हातातून काढून गुरुबाईला दिलं.

तिनं वाचलं. तू खुशाल आहेस, खजूर खातोस, रूळ अजून संपले नाहीत, सर्वांना नमस्कार. एवढंच. गेल्या सालीही खजूरच खात होतास.

मग गुरुबाई पत्र घेऊन कोपऱ्यात बसली. नवऱ्याचं पत्र, बसू दे म्हटलं. थोड्या वेळानं बघते तर नागूची पाटी शेजारी घेऊन बसलीय. एकदा पत्र बघते, एकदा पाटी बघते. मी म्हटलं, "काय गं, नवऱ्याला पण गिरवायलीस व्हय?" तर डोळ्यांना पदर लावला. चुलीचा धूर गेला म्हणाली. चूल पेटलेली नव्हती, पण असो, सणासुदीला मी वाद घालत नाही.

आता येळवस आली की कोहिनूरहून तुझ्या चुलत्याकडून अंबील मागवायची आहे. विसरला असशील म्हणून सांगते: मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पांडव पुजायचे, पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले उंडे खायचे आणि वर ताकातली लसणाची अंबील. दर साली मी दोन गाडगी ठेवते. एक आमचं, दुसरं तुझं. तुझं गाडगं फडक्यानं तोंड बांधून उतरंडीवर ठेवते. आठ दिवसांत ते असं आंबतं की म्हैस पण तोंड फिरवते. तरी ठेवते.

कार्तिक शुद्ध अष्टमी

मंठाळहून गुरुबाईचा भाऊ रेवणसिद्धप्पा आला होता. पाणी प्यायला, गूळ खाल्ला, आणि मग ज्या कामाला आला ते काढलं. हुलसूरला एक चांगलं ठिकाण आहे. किराणा दुकान, बायको वारलेली, लेकरू नाही. आपल्यात उडकी चालते, बाईचं दुसरं लग्न लावतात, लोक काही बोलणार नाहीत.

मी म्हटलं, "चालती की. नवरा मेलेल्या बाईची चालती. माझ्या सुनंचा नवरा खजूर खायलाय."

"मावशी, दहा सालं झाली. ती सत्तावीसची झाली."

"मोजता येतं मला. बोटं हैत अजून."

"मग तूच सांग, तिनं कुठवर बसायचं?"

"आल्यावर त्यालाच इचार की! गुरुबाई, तुला जायचंय का गं हुलसूरला? बोल, तोंड हाय न्हवं."

गुरुबाई ज्वारी निवडत होती. "अत्ती, तुमी जे म्हणाल ते," म्हणाली. मला अत्ती म्हणते, कानडी सासरची सवय लावलीय मीच. ते ऐकून मला बरं वाटलं. रेवणसिद्धप्पा मात्र बहिणीकडं बराच वेळ बघत बसला, जणू तिनं आणखी काही म्हणावं. ती ज्वारीतले खडे टाकायचे सोडून ज्वारीच टाकत होती, ती मी परत वेचायला लावली.

कार्तिकी पुनव

बंडेप्पाला अचानक देव आठवलाय. शुक्रवारी आम्ही तिघींनी शरणबसप्पाच्या देवळात जायचं, सकाळी लवकर निघायचं, प्रसाद तिथंच घ्यायचा, दुपार टळली की यायचं.

"अरे, आपला वार सोमवार. शुक्रवारी देवाला कामून?"

"गर्दी नसती, अव्वा."

"गर्दी नको म्हणून लिंगायतानं शुक्रवार धरल्याचं मी आजच ऐकायलेय."

तो हसला नाही. हा पोरगा पूर्वी हसायचा.

कार्तिक वद्य द्वितीया, शुक्रवार. इंग्रजी अकरा नोव्हेंबर.

आज काय झालं ते नीट ऐक. निम्मं मलाच कळलं नाही.

सकाळी बंडेप्पानं नवा कोट घातला. नागूनं त्याच्या खिशातून कापडाचं लाल फूल काढलं, अफूच्या फुलासारखं. मी म्हटलं, "या वयात फुलं लावायलास का रे?" तर म्हणतो, साहेब लोकांचा सण आहे. "सण असंल तर गोड काय हाय?" तो नुसता आम्हाला घाई करत होता. पण मी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले की रेल्वेचीच काय, निजामाची घंटा वाजली तरी उठत नाही. त्यामुळं उशीर झाला.

गावात जायला रुळाचं फाटक ओलांडावं लागतं. आम्ही पोहोचलो तर फाटक बंद. मालगाडी उभी, इंजिन धापा टाकतंय. टेसनावर अकराची घंटा झाली, आणि रुळावर फटाका फुटल्यासारखा आवाज आला.

आणि मग सिद्धरामा, सगळं थांबलं. हमालाच्या डोक्यावर पेटी होती, तो पेटीसकट थांबला. पाणीवाला घागर कलती करून थांबला. मी म्हटलं, "काय गं, ह्यांना कुणी खिळलं का काय?" तर फाटकवाल्यानं तोंडावर बोट ठेवलं. मला! त्याच्या आईच्या वयाची मी! नागूनं माझा पदर ओढला आणि गप्प बस म्हणाली, शाळेत सांगितलंय म्हणे, दोन मिनिटं बोलायचं नाही. कशासाठी ते मास्तरांनी सांगितलं होतं, तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. तुझीच पुतणी.

फाटकापासून फलाट सगळा दिसतो. मोठा साहेब टोपी काढून उभा, टक्कल उन्हात चमकत होतं. त्यांच्यात मान द्यायचा तर डोकं उघडं करतात. आपली माणसं रुमाल, पागोटी घालून उभी, आपल्यात मान द्यायचा तर डोकं झाकतात. त्या सगळ्या रांगेत दोघातिघांनीच रुमाल काढला होता. त्यातला एक बंडेप्पा.

आपला गडी चारचौघांत उघड्या डोक्यानं कधी उभा राहतो? मातीला. घरातल्या माणसाच्या मातीला. तुझा अप्पा गेला तेव्हा मी त्याला तसा बघितला होता, नंतर आज.

पुन्हा फटाका वाजला. एका बाबूनं कागद काढून नावं वाचली. या लायनीवरून लढाईला रूळ टाकायला गेलेली माणसं, असं फाटकवाला म्हणाला. सात का आठ नावं. मधे तुझं. "सिद्धराम वल्द मल्लप्पा, कोहिनूर." इंजिनानं वाफ सोडली होती तरी मी ऐकलं. साहेब टोपी हातात धरून ऐकत होता. माझी छाती भरून आली. माझ्या पोराचं नाव सगळ्या टेसनानं उभं राहून ऐकलं! काम चांगलं करत असशील, त्याशिवाय एवढ्या लांबून कोण आठवण काढतो?

मी गुरुबाईला म्हटलं, "ऐकलंस का?" ती फाटकाला धरून उभी होती. देवळात आम्ही गेलोच नाही.

हे सगळं सांगून झालं आणि म्हटलं आता लिही, की तू दिवाळीच्या पत्रात हे कळवायला विसरलास म्हणून. गुरुबाई लिहीना. शाई संपली म्हणाली. मला अक्षर येत नाही, पण दौत दिसते. भरलेली होती. मग लिहिलं तिनं.

दुसरा दिवस

बंडेप्पाला विचारलं, "काल डोकं उघडं कामून केलतास?"

"साहेबानं केलं म्हणून केलं."

"बाकीच्यांनी न्हाई केलं ते?"

"ऊन हुतं, अव्वा."

"उन्हात रुमाल काढतेत व्हय? जित्या भावाचं नाव वाचत असताना? असलं अभद्र पुन्हा करू नको."

तो भाकरी अर्धी टाकून उठला. माझ्या घरात भाकरी टाकून उठायची रीत नाही.

दुपारभर विचार केला. मग त्याला बोलावून सांगितलं, सिद्धरामला एक प्रश्न पाठव. जायच्या दिवशी तू गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलास आणि घरात येऊन काय केलंस? ते मी एकटीनं बघितलंय. गुरुबाई तेव्हा गाडीपाशी होती, बंडेप्पा गावात नव्हता. उत्तर इथं लिहीत नाही. गुरुबाईचं मन मऊ आहे, कुणी विचारलं तर सांगून टाकेल.

तू विसराळू आहेस, मान्य. पण हे विसरणार नाहीस. हे विसरलास तर मग मात्र तू माझा नव्हेस.

वद्य षष्ठी

काही नाही. बसऱ्याहून उत्तर यायला महिना दीड महिना लागतो, मला कळतं. तरी फलाटावर टपालाची गाडी लागली की कान तिकडं जातो. गुरुबाई दोनदा म्हणाली, "अत्ती, एक सांगू?" आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी सांगितलं. एकदा मीठ संपल्याचं.

वद्य एकादशी

बंडेप्पा पाळी संपवून आला. आत आला नाही. उंबऱ्यावर बसला आणि डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"अव्वा, पत्र येणार न्हाई."

"कधी येणार न्हाई?"

"कधीच न्हाई. पहिलं बी आलं नव्हतं."

ती पत्रं वीरभद्रप्पा मास्तर लिहीत होते. हा सांगायचा, ते लिहायचे. तू बसऱ्याला गेलास, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिथंच तापानं वारलास. टेसनावर कागद आला होता.

"अप्पाला जाऊन महिना झालता तवा. तू अंथरुणाला खिळलीस. एका महिन्यात दोन कसं सांगू? म्हटलं, बरी झाली की सांगू. बरी झालीस, तर दिवाळी आली. मग एक साल गेलं. मग सांगायची सोयच ऱ्हायली न्हाई, अव्वा."

दर सालच्या त्या शुक्रवारी, का जो वार असेल त्या वारी, तो एकटा रुमाल काढून उभा राहत होता. आणि मी कोहिनूरला तुझं गाडगं झाकत होते.

मी रडले का, तर नाही. मी विचारलं, "बसवून ठेवलं का रे त्याला?" आपल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. आणि हातात लिंग?

"ईरण्णा हुता त्याच्यासंगं, शहाबादचा. परत आला तवा मला भेटला. बसवूनच ठेवलं म्हणाला. हातात लिंग दिलं. वाळू हुती, पण खड्डा खोल घेतला म्हणाला."

खरं असेल. पुन्हा घातलेली समजूतही असेल. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आणखी एक. हे सगळं चाललं होतं तेव्हा गुरुबाई आत भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही. त्यावरून मला कळलं की तिला आधीच ठाऊक होतं.

मार्गशीर्ष लागला

मधले दिवस लिहिले नाहीत. कुणाला सांगायचं?

बंडेप्पाशी बोलत नव्हते. कालपासून बोलायला लागले, कारण त्याच्या कोटाचं बटण तुटलं होतं आणि कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्या दोन मिनिटांचं मात्र त्याला विचारून घेतलं. लढाई ज्या घटकेला थांबली त्या घटकेला तिच्यात मेलेल्यांसाठी सगळं थांबवतात, लाल फूलही त्यांचंच. साहेबाच्या देशातही म्हणे अशा आया आहेत, पुष्कळ. त्याही त्या दिवशी उभ्या राहतात. मी म्हटलं, दोन मिनिटंच का? तर त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडं घड्याळं आहेत, पुरत असतील. पुढच्या साली मी फाटकाशी नाही, फलाटावर उभी राहणार. फाटकवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय, बोट दाखवलंस तर मोडीन.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

रेवणसिद्धप्पाला निरोप धाडला होता, तो आला. मी विचारलं, "ते हुलसूरचं दुकान अजून उघडं हाय का?"

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "हाय की, मावशी."

"पितो का?"

"न्हाई."

"हात उचलतो?"

"पहिलीवर कधी उचलला न्हाई. शेजारी इचारून आलोय."

"विसराळू हाय का?"

"दुकानदार हाय, मावशी. विसरून कसं चालंल?"

हे मला पटलं.

गुरुबाई म्हणाली, "अत्ती, नागूचं कोण बघंल?" मी म्हटलं, नागूला घंटा उठवते, मास्तर शिकवतात, भाकरी माझी अजून गोल येते. मग ती बांगड्यांकडं बघायला लागली. चाळीतल्या दोघी म्हाताऱ्या रीत सांगून गेल्या होत्या, आधी बांगड्या फोडायच्या, मग उडकीच्या नव्या भरायच्या. मी म्हटलं, काही फोडायचं नाही. दहा वर्षं ती माझ्या हट्टानं त्या घालून बसली, आता कुणाच्या रितीनं उतरवायच्या नाहीत. जशी आली तशी जाईल.

गुरुबाईचा जायचा दिवस

गुरुबाई, मान वर कर. आजचं पान तुला आहे. मागं जे काही लिहिलंस त्यातलं काय गाळलंस, काय घातलंस, मला कळायचा मार्ग नाही. पत्र आणि पाटी शेजारी धरून बसलीस ते मी सांगितलं आणि तू स्वतःच्या हातानं लिहिलंस. ते लिहिताना तुला काय झालं असेल, ते मला आत्ता कळायला लागलंय. मला सांगितलं नाहीस म्हणून राग होता. चार दिवस होता. आता नाही. शाई संपली म्हणून नुसतं बघत बसू नको, लिही.

त्या प्रश्नाचं उत्तर आता सांगून टाकते, कुणापासून लपवायचं? येळवशीचा दुसरा दिवस होता. तू गाडीपाशी त्याची पेटी धरून उभी होतीस. तो गल्लीच्या तोंडातून पळत परत आला. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी विसरला. तर उतरंडीवरचं कालच्या अंबिलीचं गाडगं उचललं, उभ्या उभ्या तोंडाला लावलं, मिशी पुसली आणि म्हणाला, "आता झालं." आणि गेला. तेवढंच. त्या गाडग्यापायी मी दहा वर्षं दुसरं गाडगं झाकलं.

वही तू घेऊन जा. इथं वाचणारं कुणी नाही, आणि तो वाचणार नाही.

येळवशीला मंठाळला असशील, भावाच्या शेतात. बंडेप्पाची गाडी येळवशीच्या दुसऱ्या दिवशी तिथं येईल, तिच्याबरोबर पाठव. भज्जीत हरभऱ्याची कोवळी भाजी जास्त घाल, रेवणसिद्धप्पाची बायको हात राखून घालते. उंडे सहा, नागू दोन खाते. तिळाची पोळी मला चावत नाही, ती पाठवू नको. अंबील आदल्या दिवशीचीच पाठव, आंबट झालेली मला चालते, लसूण मात्र ठेचून घाल. गाडगं गळ्यापर्यंत भरू नको, वाटेत हिंदकळतं. आणि एकच गाडगं पाठव, पोरी. दुसरं भरू नको.